हप्ता तोच, वर्षं कमी

फोनवर शोभामावशी म्हणाली, "बाई गेली... आता हप्त्याचं कसं?" मधे तिने श्वासही घेतला नाही. मोठ्या बहिणीच्या मृत्यूची बातमी आणि घर जाण्याची भीती एकाच दमात माझ्यापर्यंत आली. महिना उलटला, तरी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडताना मला आधी तो प्रश्नच ऐकू येतो.

निर्मलामावशी अकोल्यात परिचारिका होती. माझ्या आईच्या या दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. शोभामावशी एका वसतिगृहात स्वयंपाक करते. दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा कर्जावर दोघींच्या सह्या झाल्या, हप्ता मात्र निर्मलामावशीच्या पगारातून जायचा. लहानपणी नाल्याकाठचं त्यांचं घर अतिक्रमण म्हणून पाडलं गेलं होतं. "मशीन आलं तवा माय भाकरी टाकत होती. तव्यावरची उलटू नाही देली," एवढंच निर्मलामावशी सांगायची. पुढचं कधीच नाही.

म्हणून हाती जास्तीचा पैसा आला की ती बँक गाठायची. पगाराची थकबाकी, भिशी, विकलेल्या बांगड्या... सगळं कर्जात. असे एकरकमी पैसे भरले की मुद्दल उतरतं आणि पुढे दोन वाटा असतात. हप्ता तोच ठेवून वर्षं कमी करायची, किंवा वर्षं तीच ठेवून हप्ता. पहिलीत व्याज जास्त वाचतं, दुसरीत दर महिना सोपा जातो. आपण काही बोललो नाही तर बँक बहुधा पहिलीच वाट धरते. कर्जदाराला हे आधी विचारलंच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे, असं मी आमच्या ग्राहक संघटनेच्या पत्रकात लिहिलं होतं. ते तिला वाचून दाखवलं. म्हटलं, हप्ता कमी करून घे, वाचलेल्या पैशांत छातीत दुखतं त्याची तपासणी कर.

"तुह्या कागदात माह्या मरणाचं नाही लिहिलं," ती म्हणाली. "वर्षं तेवढेच राहतीन. मी राहीन काय तेवढी? मी नसली तर शोभा कोठून भरन?"

"मी काय लहान आहो काय?" शोभामावशी आतून म्हणाली.

"तू वरण पातळ कर. तेवढं भर."

आम्ही हसलो. तपासणी राहून गेली.

निर्मलामावशी गेल्यावर तिच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे शोभामावशीला मिळाले. कर्ज पूर्ण फिटण्याइतके ते नव्हते. जेवढे होते तेवढे भरायला आम्ही दोघी बँकेत गेलो. हप्ता जवळजवळ शोभामावशीच्या पगाराएवढा होता. एक चुकला तर काय करतात, दोन चुकले तर घरी येतात काय, हे ती वाटभर विचारत होती. माझं मनगट तिने सोडलं नाही.

"हप्ता कमी करायचा की मुदत?" अधिकाऱ्याने विचारलं.

ती म्हणाली, "हप्ता. मले घाई नाही."

तिथेच अर्ज दिला. नवा हप्ता तिला झेपेल असा आहे. परवा मी म्हटलं, आता बाईच्या खोलीत कुलर लाव. अकोल्याचे सगळे उन्हाळे निर्मलामावशीने त्या खोलीत खिडकीला ओली चादर टांगून काढले. "पुढच्या महिन्यात पाहू," शोभामावशी म्हणाली आणि तिने चादर बादलीत बुडवली. पिळायला उचलली तेवढ्यात जिन्यात कोणाची तरी पावलं वाजली. ती पावलं वरच्या मजल्यावर निघून जाईपर्यंत शोभामावशी दाराकडे पाहत, चादर तशीच हातात धरून उभी राहिली... खाली फरशीवर पाणी ठिबकत होतं.