मोठ्या मायचे थांबे

गाडीत बसल्यावर मोठ्या मायला माणूस दिसायचाच नाही, त्याची मान दिसायची. कुणी डुलकी घेताना मान टाकली की मागून तिचा हात यायचा आणि ती सरळ करून जायचा. वरातीला निघालेल्या नवरदेवाचीसुद्धा तिने गय केली नाही. माझ्या थोरल्या काकांची, आबांची, ही बायको. आम्ही सगळे सुरतेत लिंबायतला एकाच चाळीत राहायचो आणि गावाकडच्या लग्नकार्याला भाड्याची जीप करून धुळ्याच्या पुढे जायचो.

निघण्याआधी ती प्रत्येकाच्या कमरेमागे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, वाया गेलेल्या कापडाची गुंडाळी खोचायची. बारडोली आली की सगळ्यांना खाली उतरवायची, मग सोनगडला, मग नवापूरला. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "पाय मोकळे करा. गाव काय पयी नही जास." म्हणजे गाव काही पळून जात नाही. आम्ही तिला एसटीचा कंडक्टर म्हणायचो. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

हे खूळ उगाच नव्हतं हो. लूमवर उभं राहून राहून आबांची कंबर गेलेली. एका लग्नाला आम्ही न थांबता गेलो, तर उतरताना त्यांची पाठ जी धरली ती धरलीच. बिचाऱ्यांनी लग्न ओट्यावर पडून ऐकलं. परत येईपर्यंत शेठने त्यांच्या लूमवर दुसरा माणूस लावलेला. तो उन्हाळा तिने घर कसं चालवलं, ते तिलाच ठाऊक.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गावाहून निरोप आला, आजीचं काही खरं नाही, लगेच निघा. जीपमध्ये चढतानाच आबा म्हणाले, "आज कुठं थांबायचं नाही." पण बारडोलीपर्यंतच त्यांना नीट बसवेना. तिने ते पाहिलं आणि ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. पुढेही लावलीच. आबा उतरले, थोडं चालले, परत बसले.

आम्ही पोचलो तेव्हा आजी नुकतीच गेली होती. शेवटपर्यंत "मोठा आला का?" असं विचारत होती म्हणे. धाकटी आत्या सगळ्यांदेखत बोलली, "आले असते वेळेवर. वाटेत फेऱ्या मारत बसले असतील." मोठी माय पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला आत्याचा असा राग आला होता, पण ती खोटं बोलत नव्हती, आणि तेच वाईट होतं.

तेरावं आटोपून निघालो. नवापूर गेलं, मायने गाडी थांबवायला लावली नाही. सोनगडला ड्रायव्हरने सवयीने विचारलं, "थांबवू का, माय?"

"नको. चालू दे."

"थांबव," आबा म्हणाले. ते उतरले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "उतर तू पण. आई भेटली नाही, ते माझं नशीब. पण तिला खांदा देता आला तो तुझ्यामुळे. नाहीतर तेही झालं नसतं माझ्याच्याने."

मोठी माय उतरली. त्यानंतर ती हयात असेपर्यंत प्रत्येक वेळी गाडी आबाच थांबवायचे. ती उतरायची, आणि सगळ्यांच्या आधी परत येऊन बसायची.