नानाजी सरांचा ‘असावा’

नानाजी सर वेबसाइटला मार्क देतात. दहापैकी. माझ्या सेंटरमधल्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसायचं, शंभरपानी वही उघडायची, लाल पेन काढायचं आणि समोर जे पान येईल त्याचं आधी शुद्धलेखन तपासायचं. मग लिहिणाऱ्याचं नाव आहे का ते बघायचं. मग ‘हे तुला कोणी सांगितलं’ याचं उत्तर त्या पानात शोधायचं. आजवर त्या वहीत सगळ्यात हुशार ठरलेली वेबसाइट तीन मार्कांवर नापास झालेली आहे.

मी राखी. मेडशीच्या स्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. पीकविमा, सातबारा, जातीचा दाखला, आधारवरचा अंगठा, जे म्हणाल ते. सर माझे चौथीचे गुरुजी. आमचं दोघांचं गाव एकच, माझं माहेरही तेच आणि सासरही तेच, मेडशीहून एसटीनं वीस मिनिटांवर. गावाचं नाव सांगत नाही, कारण मोबाईलच्या नकाशात टाकलंत तर तो तुम्हाला भलत्याच तालुक्यात नेऊन सोडेल. सरांनी नकाशालाही दोनच मार्क दिलेत.

माणसं रिटायर झाल्यावर पत्ते खेळतात, सुनांच्या कामात नाक खुपसतात. सरांनी माझ्या कामात खुपसलं. दोन महिने रोज दहाच्या गाडीनं यायचे. बाहेर पंधरा माणसं कागद घेऊन ताटकळत उभी आणि आतून सरांची हाक, "राखे, हे पाय. ‘ऐतिहासिक’मधली पयली वेलांटीच चुकली. हा इतिहास काय लिहीन, कपाय?" मी खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. पण ज्यांनी आपल्याला अंगठे धरून उभं केलं त्यांना ‘सर, उद्या या’ म्हणायला जीभ रेटत नाही.

हे सगळं सुरू झालं आसरापासून.

आमच्या गावच्या नाल्याला एक डोह आहे आणि त्याच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. पौषात त्यांचा एक दिवस असतो. त्या दिवशी गावात पाणी पुरुष भरतात आणि डोहावरची पहिली पंगत सुनांची बसते. सून जेवल्याशिवाय घरातला कोणी घास उचलत नाही, मग तो सरपंच का असेना. पंगत बसायच्या आधी बेबीबाई उभी राहून गोष्ट सांगते. बेबीबाईचं वय ऐंशीच्या पुढं, आणि ही गोष्ट सांगणारी गावात ती एकटीच उरली आहे.

गोष्ट साधी आहे. नव्या सुनेला सासूनं भर उन्हात उपाशीपोटी पाण्याला धाडलं. डोहावर तिला घेरी आली आणि ती पाण्यात गेली. सात बहिणींनी तिला झेललं आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवली काय वं?" ती रडायलाच लागली, कारण त्या घरात आल्यापासून हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी तिला ज्वारीच्या घुगऱ्या खाऊ घातल्या, घागर भरून दिली आणि सांगितलं, जा, सासूला म्हणावं, आमची लेक पुन्हा उपाशी आली तर परत पाठवणार नाही. झाली गोष्ट. मी सून होऊन चौदा वर्षं झाली. वर्षातून त्या एका दिवशी माझी सासू मला वाढते आणि ‘अजून घे’ म्हणते.

यंदा गावानं तिथं ओटा बांधायला घेतला. कमिटी झाली, अध्यक्ष हरीओम. पोरगा वाईट नाही, धावपळ करणारा आहे, पण मोबाईलमध्ये दिसलं ते ब्रह्मवाक्य. त्यानं ठरवलं, ओट्यावर संगमरवरी शिळा लावायची आणि तिच्यावर आसराची गोष्ट कोरायची. मजकूर त्यानं इंटरनेटवरून उतरवला. एका राजाचा शत्रू पाठलाग करत होता, राजा डोहाकाठी लपला, देवीनं त्याला आसरा दिला, म्हणून ती आसरा माता. राजाचे सात पुरुष लढता लढता डोहात बुडाले, तेच सात दगड. सुनेचं नाव नाही, घुगऱ्या नाहीत, सात बहिणींची एक देवी झाली.

सरांनी मीटिंगमध्ये हे ऐकलं आणि तिथंच उखडले. "हे कोनं सांगतलं तुले?"

"सर, चौदा वेबसाइटवर हाये," हरीओम म्हणाला. "तुमची गोष्ट कुठं हाये? लिंक पाठवा, मी बदलून टाकतो."

"बेबीबाई हाये ना."

"बेबीबाई लिंक नाई ना, सर."

मीटिंग हसली. आणि त्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, गोष्ट राजाची आहे तर पहिली पंगत मानकऱ्यांची पाहिजे, बायांची कशाला? माना हलल्या. हरीओमनं सांगितलं, शिळेचा मजकूर पौष लागायच्या आत कारागिराकडं जाणार, तोवर सरांनी पुरावा आणावा. सर दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं माझ्याकडं हजर.

त्यांना वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे. मलाही वाटलं होतं. इंटरनेटवर काय नाही? सगळं आहे, तेच तर दुखणं. आसरा शोधलं की वृद्धाश्रम येतात. आमच्या गावाचं नाव जोडलं की त्याच नावाची सहा गावं येतात. देवीची पानं उघडली की थोड्याफार फरकानं एकच परिच्छेद चौदा ठिकाणी, वर फुलांची माळ आणि शेजारी टक्कल घालवायच्या तेलाची जाहिरात. सरांनी चौदाही पानांच्या मालकांना पत्रं लिहिली, ‘सप्रेम नमस्कार’ घालून, की आपण ही माहिती कोठून घेतली ते कृपया कळवावे. एकाचं उत्तर आलं. तो म्हणाला, आवडलं असेल तर शेअर करा.

मग मी त्यांना मोबाईलमधल्या त्या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या यंत्राकडं बसवलं. त्यानं पहिल्यांदा एका राजाचं नाव सांगितलं. सर म्हणाले, चूक. त्यानं माफी मागितली आणि दुसऱ्या राजाचं सांगितलं. सरांनी मुद्दामच आपल्या मेलेल्या बैलाचं नाव टाकलं, की राजा हाच होता ना? यंत्र म्हणालं, होय, तुमचं अगदी बरोबर आहे. "हा तं पक्का होयबा हाये," सर म्हणाले आणि वहीत भोपळा काढला.

कुठल्याशा ग्रंथालयानं जुन्या जिल्ह्याच्या माहितीचं एक पुस्तक पानोपान फोटो काढून चढवलेलं मिळालं. आमचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोल्यातच होता, म्हणून आम्ही अकोल्याच्या भागात शोधत गेलो. तीन दिवस लागले. आमच्या गावाचं नाव खरंच सापडलं. नावाखाली दोन ओळी होत्या आणि त्या ओळींवर फोटो काढणाऱ्याचा अंगठा होता. सर त्या अंगठ्याकडं किती वेळ बघत बसले कोण जाणे. मी त्यांना चहा दिला, तो गार झाला. बाहेर एक बाई ओरडत होती की माझा फॉर्म भरता की मी जाऊ, आणि मला त्या क्षणी तिच्यावर नाही, सरांवर नाही, त्या अंगठ्यावर इतका संताप आला की सांगता सोय नाही.

शेवटी चावी भलत्याच ठिकाणी सापडली. सर पुन्हा ती चौदा पानं वाचत होते. ‘राजाचे सात पुरुष डोहात बुडाले’ इथं आले आणि हसले. "पुरुष म्हने! सैनिक म्हन, शिपाई म्हन, पुरुष कायले म्हनतं, बह्याडा?" मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मला विचारलं, "राखे, डोह किती खोल हाये आपला?"

"सात परस," मी म्हटलं. गावात लहान पोरही हेच सांगेल. परस म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढी खोली. विहीर, डोह आम्ही परसानंच मोजतो.

"परसाचं शुद्ध रूप काय?"

चौथीतल्यासारखी मी ताठ झाले. "पुरुष."

"हे शुद्ध करनारा मानूस या तालुक्यात एकच हाये," सर म्हणाले. त्यांनी वही मिटली आणि बाराच्या गाडीनं निघून गेले. इतक्या लवकर ते कधी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका आणली. २००९ सालची. संपादक सर स्वतः. पान अकरा, ‘आपले गाव’. त्यांनी बोट ठेवलं तिथं मी वाचलं: ‘आसरा म्हणजे आश्रय. प्राचीन काळी एखाद्या राजाला येथे आसरा मिळाला असावा. डोहाची खोली सात पुरुष आहे.’

मी चौदा पानं तारखेनं लावली. सगळ्यात जुनं एका माजी विद्यार्थ्याचं, त्यानं स्मरणिकेतला मजकूर इमानदारीनं टाइप केला होता, ‘असावा’सकट. दुसऱ्यानं ‘मिळाला असे म्हणतात’ केलं. तिसऱ्यानं ‘मिळाला होता’. चौथ्यानं राजाला नाव दिलं, पाचव्यानं घोडा दिला आणि घोड्यालाही नाव दिलं. सहाव्यानं खोलीतले सात पुरुष उचलून लढाईला पाठवले. पुढचे आठ नुसते झेरॉक्स.

"सर, तुम्ही तर ‘असावा’ लिहिलं होतं," मी म्हटलं. मला त्यांची बाजू घ्यायची होती.

"पन कायले लिवलं? बेबीबाईची गोष्ट मले तवा ठाऊक होती, राखे. माह्या मायनं बी तेच सांगतलं होतं. पान्यातल्या बाया, घुगऱ्या... शायेच्या पुस्तकात हे लिवाची मले लाज वाटली. साहेब येनार होते प्रकाशनाले." त्यांनी वहीत नवं पान काढलं, स्मरणिकेचं नाव लिहिलं. शुद्धलेखन दहापैकी दहा. बाकी सगळं शून्य. खाली लाल पेनानं सही केली, जशी आमच्या प्रगतिपुस्तकावर करायचे.

माझ्या मते त्यांनी गप्प बसायला हवं होतं, म्हणजे मी तसं म्हटलंही. पण सर कसले ऐकतात. त्याच संध्याकाळी कमिटीपुढं उभे राहिले आणि सांगितलं की राजा मी जन्माला घातला, तो कधी नव्हताच. हरीओमनं स्मरणिका हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि त्याचा चेहरा खुलला.

"सर, तुमीच लिवलं होय! मंग काय पायजे? छापील पुरावा भेटला."

"अरे, तो माहा अंदाज होता. ‘असावा’ हाये तिथं, डोये फाडून वाच."

"तुमचा अंदाज म्हनजे काय साधी गोष्ट हाये का सर?" तो मनापासून म्हणत होता, हेच तर वाईट. सर फारच हटून बसले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरं, बेबीबाईचा व्हिडिओ काढा, नेटवर चढवा. दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवू. गाव ठरवीन."

सरांना तेवढं पुरे होतं. त्यांच्यात एकदम जोर आला. मला म्हणाले, वाट काय पाहायची, आपणच साधन तयार करू. सांगणारीचं नाव, वय, गाव, तारीख, कोणाकडून ऐकलं, सगळं नोंदवू. पहिल्यांदाच दहापैकी दहा देता येतील असं काहीतरी इंटरनेटवर असेल. मधे एक दिवस त्यांना वाशीमला पेन्शनचा दाखला द्यायला जावं लागलं, म्हणून आम्ही परवाचं ठरवलं. मी सेंटर बंद ठेवलं. लोकांनी शिव्या दिल्या असतील, देऊ देत.

बेबीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला केलं, सुनेला चहाचं सांगितलं, सरांना खाट टाकली. मी मोबाईल धान्य मोजायच्या पायलीला टेकवून उभा केला. सरांनी नाव, वय, तारीख शुद्ध मराठीत सांगितली आणि म्हणाले, "हं, बेबीबाई. सांगा आता गोष्ट."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पाठ म्हणावा तसं सुरू केलं, "एक राजा व्हता."

मी सरांकडं बघितलं. त्यांना वाटलं ती थट्टा करतेय. "ते नोको, बेबीबाई. आपली सांगा. उपाशी सुनेची."

"ते आमचं अडान्याचं, सर. ते कायले लिवता?" ती म्हणाली. "हरीओमनं काल साऱ्या बायाईले वाचून दाखोलं ना तुमचं पुस्तक. खाली तुमचं नाव बी हाये. मी म्हटलं, घ्या! साठ वर्सं झाली, मी लोकाईले खोटं सांगून राह्यली, अन् कोनं टोकलं नाई. आज सकायीच डोहावर जाऊन आसराची माफी मांगून आली."

"बेबीबाई, मी चुकलो," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तुमचंच खरं हाये. मी चुकीचं लिवलं."

"तुमी कायले चुकसान?" बेबीबाई हसली. समजूत काढावी तसं तिनं त्यांच्या हातावर थोपटलं. "माह्ये चारही लेकरं तुमच्या हाताखालून गेले."

मग तिनं पुन्हा मोबाईलकडं तोंड केलं, घसा साफ केला आणि हळूच विचारलं, "राजाचं नाव काय व्हतं, सर? तेवढं इसरली मी."