भर दुपारचा फोटो

गेल्या रविवारी नारायण पेठेतील एका हॉलमध्ये पक्ष्यांच्या फोटोंचे प्रदर्शन होते. आमचे चिरंजीव विकास यांच्या फोटोला पहिले बक्षीस होते आणि ते माझ्या हस्ते द्यायचे ठरले होते. म्हणून मला वारजेहून मुद्दाम नेण्यात आले. कोटाला इस्त्री मी स्वतः केली...

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. मात्र कोकणातील एका राखीव बेटाचा मी निवृत्तीपर्यंत रखवालदार होतो. दूरच्या समुद्रावरून येणारे सुरय पक्षी तेथे उघड्या खडकावर अंडी घालतात. त्या दिवसांत बेटावर कोणीही उतरायचे नाही, असा नियम आहे. मीही होडीतूनच पहारा करीत असे. एकदा एका बड्या साहेबांनाही होडीतूनच परत पाठवले होते.

फोटो त्याच बेटाचा निघाला. शेकडो सुरय एकाच वेळी आकाशात... लोक वाहवा करीत होते. मी खालच्या खडकांकडे पाहिले. त्यांच्या सावल्या अगदी आखूड होत्या.

भर दुपारी सुरय अंड्यावरून आपणहून उठत नाही. अंगाची सावली धरून बसतो. उठला, तर अंड्यातले पिल्लू उन्हात तापून मरते. सगळे एकदम उठले, म्हणजे कोणीतरी बेटावर पाय ठेवला होता.

"तेथे उतरू कोणी दिले?" मी विचारले.

"अहो बाबा, तुमचं नाव सांगितलं. पुढे एक प्रश्न विचारला नाही होडीवाल्यानं," चिरंजीव कौतुकाने म्हणाले.

"आजोबांचा वशिला दिसतो," शेजारचे गृहस्थ म्हणाले.

माझे नाव पुकारले, तेव्हा मी उठलो नाही. गुडघे दुखत असतील, असे लोकांना वाटले. मी तसे वाटू दिले...

घरी येऊन होडीवाल्याला फोन केला. मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "तात्यानू, तुमचो झील म्हटल्यावर नाय कसा म्हणतलंय?"

झील म्हणजे मुलगा. मी फोन ठेवला.

फोटो आता आमच्या हॉलमध्ये लावला आहे. मी माझी खुर्ची फिरवून घेतली आहे.

बेटासमोरच्या गावातील बरीच मंडळी माझे लिखाण वाचतात, म्हणून येथेच लिहितो. आपण इतकी वर्षे माझ्या शब्दाला मान दिलात, याबद्दल मी आभारी आहे. यापुढे माझे नाव सांगून जो येईल, त्याला किनाऱ्यावरूनच परत पाठवावे... मग तो माझा मुलगा का असेना.