एक माणूस कोरडा

गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळी कंपनी ऑफिससमोर फॉल-इन झाला. ऑर्डर छोटी होती. दारूगोळ्याच्या गाडीबरोबर एस्कॉर्ट जाणार. शेवटच्या वॅगनवर गार्ड एक हवालदार, एक लान्स नायक आणि चार शिपाई. हवालदार होते दत्ताराम साळवी, रत्नागिरीकडचे. लान्स नायक मी. माझं गाव डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा.

महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. लढाई लागणार की नाही हे आम्हाला कोणी सांगत नव्हतं, पण दारूगोळा पश्चिमेकडे चालला होता. त्यावरून समजायचं ते आम्ही समजलो. सुभेदारसाहेबांनी ताकीद दिली. वाटेत कोणाच्या हातचं खायचं नाही, प्यायचं नाही, कुठे चाललो ते सांगायचं नाही. मागे एका गाडीवर कोणीतरी पेढे वाटले आणि अर्धा गार्ड आडवा झाला, असं ते म्हणाले. पेढ्यांत काही घातलं होतं की पेढे नुसतेच शिळे होते, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. फौजेत प्रश्न विचारणारा माणूस लवकर थकतो.

पलटणीत हवालदाराला उस्ताद म्हणतात. साळवी उस्तादांना ही ताकीद द्यायची गरजच नव्हती. संशय त्यांच्या अंगातच होता. दुसऱ्याने मारलेली गाठ ते सोडायचे आणि स्वतः मारायचे. लंगरमध्ये आचाऱ्याला म्हणायचे, आधी तू खा. त्यांची आणखी एक सवय होती. उन्हाळ्यात राऊंड घेताना ते प्रत्येकाच्या मानेवर मागून हात ठेवायचे. मान ओली लागली की म्हणायचे, "ओला आहेस. ठीक." कोकणातल्या माणसाचा घामावर भरवसा. घाम आहे तोवर माणूस शाबूत, हे त्यांचं शास्त्र. आम्ही पाठीमागे टिंगल करायचो की उस्ताद बैलबाजारात आलेत.

दुसऱ्या दिवशी शेगाव मागे पडलं. चालत्या गाडीतूनच आम्ही महाराजांना हात जोडले. पुढच्या एका लहान स्टेशनात गाडी थांबली. आमच्या वॅगनचा अ‍ॅक्सल तापला होता. रेल्वेवाल्यांनी वॅगन गाडीपासून तोडली, साईडिंगला लावली आणि गाडी पुढे गेली. सोबत सहा माणसांचा गार्ड राहिला. फिटर येईल, चाक दुरुस्त होईल, मग इंजिन येऊन घेऊन जाईल, असं सांगण्यात आलं. पहिली रात्र कशीबशी गेली.

वऱ्हाडातलं ऊन मी जन्मापासून ओळखतो. वैशाखात ते सरळ तोंडावर येतं. घाम फुटला की वारा तो पुसून नेतो. डोक्याला उपरणं गुंडाळावं, खिशात कांदा ठेवावा आणि कामाला लागावं. पण मृग तोंडावर आला, आभाळ भरलं आणि वारा पडला की सगळं बिघडतं. घाम येतो आणि वाळत नाही. श्वास घेतला तरी छातीत काही गेलं असं वाटत नाही. या गदमदीवर माझा कधीच विश्वास नव्हता. ऊन दिसत नाही म्हणून माणूस बेसावध राहतो आणि नेमका तेव्हाच दगा होतो.

तो दिवस तसाच उजाडला. आभाळ राखेच्या रंगाचं होतं आणि पान हलत नव्हतं. स्टेशनची विहीर आटलेली. पाण्याची टाकी लावलेली गाडी एक दिवसाआड यायची, ती आली नव्हती. स्टेशनमास्तरने घरातली एक बादली दिली, ती सकाळीच संपली. वॅगनच्या दांडीला टांगलेली आमची पाण्याची कॅनव्हासची छागल रिकामी होऊन चिपाडासारखी लोंबत होती. उस्तादांनी मास्तरच्या फोनवरून कंट्रोलला विचारलं.

"इंजिन कधी?"

"आज."

"आज किती वाजता?"

"आज."

फोन ठेवून ते परत आले. मला म्हणाले, "वॅगन मुद्दाम तर तोडली नाही ना?"

"उस्ताद, अ‍ॅक्सल तापला होता. मी स्वतः हात लावला."

"अ‍ॅक्सल तापवताही येतो," ते म्हणाले.

सकाळीच एक म्हातारा रुळाच्या पलीकडून आला. धोतर, बंडी, गळ्यात तुळशीची माळ. पलीकडे त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. त्याने वॅगनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. नामदेव सेंट्री होता, नाशिककडचा भोळा गडी. म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "किती जन हाय बापू तुमी?"

"सहा," नामदेव म्हणाला.

म्हातारा मान हलवून निघून गेला. उस्तादांनी ते वॅगनच्या दुसऱ्या टोकावरून ऐकलं होतं. ते नामदेवपुढे येऊन उभे राहिले.

"गार्डची संख्या सांगितलीस?"

"म्हातारा माणूस आहे, उस्ताद."

"म्हाताऱ्याला संख्या कशाला हवी?"

नामदेवने रायफलचा पट्टा सारखा केला. खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाही पडला. तहानेच्या दिवशी मनात नको ते लवकर शिरतं. मी मळ्याच्या बाजूला दोनदा वळून पाहिलं.

दुपारी नामदेवच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो रायफलच्या आधाराने खाली बसला. उस्तादांच्या वॉटर बॉटलमध्ये तळाला थोडं पाणी उरलं होतं. ते त्यांनी नामदेवला पाजलं आणि बॉटल उलटी करून दाखवली. आमच्यापैकी कोणी आशेने पाहू नये म्हणून ती दाखवली असावी.

तेवढ्यात म्हातारा पुन्हा आला. खांद्यावर कावड, दोन्हीकडे घागरी, तोंडावर ओलं फडकं. वर तांब्या, आणि पळसाच्या पानात गूळ.

"थांब! तिथंच थांब," उस्ताद ओरडले.

म्हाताऱ्याने कावड उतरवली. "पानी आनलं. मळ्याच्या हिरीचं हाय, गार हाय."

"कोणी सांगितलं आणायला?"

"सांगाले कोन पाह्यजे? सकाळी इचारून गेलो ना. सहा जन, सहा तांबे. थोडं वरतं धरलं."

"आधी तू पी."

म्हाताऱ्याने हात जोडले. "मले चालत नाई आज."

"का चालत नाही?"

"एकादशी हाय."

उस्ताद हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "माझी आई जन्मभर एकादशी करते. फराळ करते, पाणीही पिते. मला शिकवतोस?"

"त्या एकादशीले चालते. आजची निर्जळा हाय. आज सोता प्याचं नाई, दुसऱ्याले पाजाचं."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इकडचा. खरं आहे?"

"प्रथा खरी आहे, उस्ताद. आमच्या घरी आई करते. ज्येष्ठातली एकादशी."

"ती आजच आहे?"

इथे मी अडकलो. पलटणीत आम्ही तारखांवर जगायचो. तिथी कोणाला ठाऊक? मास्तरकडे पंचांग नव्हतं. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"म्हणजे पाणी आणणारा नेमका त्याच दिवशी पाणी पीत नाही," उस्ताद म्हणाले. बाहेरून पाहिलं तर त्यांचं बोलणं चूक नव्हतं.

मागे नामदेव कण्हत होता. मी म्हणालो, "उस्ताद, मी पितो. मला काही झालं तर बाकीच्यांनी पिऊ नये."

त्यांनी होकाराची मान हलवली. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या वर केला. त्या पाण्याला वाळ्याचा वास होता. मग मला वॅगनला टेकून बसवलं. अर्धा तास सगळा गार्ड माझं तोंड पाहत होता. इतकं लक्ष माझ्याकडे लग्नातही कोणी दिलं नव्हतं. शेवटी उस्तादांनी माझे डोळे पाहिले, जीभ पाहिली, मानेवर हात ठेवला.

"ओला आहेस. ठीक. चौघांना पाजा."

चौघे प्यायले. नामदेवच्या तोंडावर रंग आला. मी तांब्या भरून उस्तादांपुढे धरला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

"एक माणूस कोरडा राहील. काही विषं उशिरा लागतात. सगळे आडवे झाले तर वॅगनपाशी कोण उभा राहणार?"

"मग आता मी उभा राहतो, तुम्ही प्या."

"तू प्यायलायस. आता कोरडा मी एकटाच आहे. इंजिन येईपर्यंत."

यावर वाद नव्हता. गार्ड कमांडरची ऑर्डर होती.

म्हातारा मात्र जाईना. पलीकडच्या निंबाखाली घागरीशेजारी बसून राहिला. उस्ताद वॅगनभोवती फेऱ्या घालत होते, आणि प्रत्येक फेरीला त्यांची नजर निंबाकडे जायची. शेवटी त्यांनी मला पाठवलं.

"बाबा, घरी जा ना आता. काऊन बसून राह्यले?" मी माझ्या बोलीत विचारलं.

"पाच झाले. एक राह्यला ना," तो म्हणाला. "आजच्या दिवशी भरली घागर वापस नेत नाई. त्या बापूले सांग, मी वाट पाहून राह्यलो."

मी परत येऊन तसंच सांगितलं. उस्ताद म्हणाले, "बघ. माझीच वाट बघतोय."

म्हातारा खरोखर त्यांचीच वाट पाहत होता. दोन माणसं, दोघंही सकाळपासून कोरडी. एक नेमापायी, एक संशयापायी. मधे वीस-पंचवीस पावलांची खडी आणि भरलेली घागर. दोघं एकमेकांवर नजर ठेवून होते, आणि वरून ती गदमद दोघांना सारखीच शिजवत होती. मला म्हाताऱ्याचा राग येत होता आणि उस्तादांचाही.

चारच्या सुमारास उस्तादांचं बोलणं बदललं. मला त्यांनी पासवर्ड विचारला. आमच्या गार्डला पासवर्ड नव्हताच.

"त्याच्याशी कुठल्या भाषेत बोललास?"

"वऱ्हाडीत, उस्ताद."

"मला समजू नये म्हणून?"

"नाही, उस्ताद."

"रायफल खाली ठेव."

पाच वर्षं मी या माणसाच्या हाताखाली होतो. मला आतून फार लागलं. पण मी रायफल खाली ठेवली. ते माझ्यामागे आले. आता काय करतात ते मला कळेना. मग मानेवर त्यांचा हात पडला. नेहमीसारखाच.

"ओला आहेस," ते म्हणाले. "ठीक."

आणि ते चाकाला टेकून हळूच खाली बसले.

मी वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मानेला हात लावला. कोरडी ठणठणीत होती आणि तव्यासारखी तापली होती. आम्हा सगळ्यांचे शर्ट पिळून निघत होते. त्यांच्या शर्टाला मिठाच्या रेषा होत्या, ओल नव्हती. दिवसभर त्यांनी पाच माना तपासल्या. सहावी तपासायला कोणी नव्हतं.

मी ओरडलो. नामदेव तांब्या घेऊन धावला. आम्ही तांब्या तोंडाला लावला, पण उस्तादांनी दात घट्ट मिटले होते. डोळे उघडे होते आणि निंबाकडे लागले होते. त्याही अवस्थेत गार्ड कमांडर शुद्धीवर होता.

म्हातारा उठून आला. साईडिंगच्या आत यायची त्याला मनाई होती. कोणी अडवलं नाही. त्याने नामदेवच्या हातून तांब्या घेतला. क्षणभर आभाळाकडे पाहिलं. मग उस्तादांच्या डोळ्यांसमोर बसून त्याने तो तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा प्यायला. पाणी माळेवरून छातीवर ओघळलं.

"पाह्य बापू," तो म्हणाला, "म्या पेलो. मी आधी पेलो. आता तू पे."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. म्हाताऱ्याने त्यांना घोट घोट पाणी पाजलं, लेकराला पाजावं तसं. उरलेली घागर आम्ही त्यांच्या अंगावर ओतली, शर्ट फाडून वारा घातला. ते एकदा म्हणाले, "गार आहे." त्यानंतर काही बोलले नाहीत.

इंजिन आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. आम्ही त्यांना ब्रेकव्हॅनमध्ये ठेवलं. मोठ्या स्टेशनचा दवाखाना गाठायच्या आतच ते गेले. माझा हात त्यांच्या मानेखाली होता. मानेला घाम येतो का, हेच मी वाटभर पाहत होतो.

रिपोर्ट दोन ओळींचा झाला. उष्माघात, शत्रूची कारवाई नाही. पुढे लढाई लागली. पलटणीने गमावलेल्या जवानांची नावं दगडावर कोरली गेली. त्यांत साळवी नाहीत, कारण ते लढाईत पडले नाहीत. नियम आहे, मला मान्य आहे. राग मात्र अजून येतो. कोणी म्हणतं, संशयाने माणूस मेला. मी म्हणतो, पाच माणसांना पाजून त्याने सहाव्याची जोखीम स्वतःवर घेतली. वॅगन सुखरूप पोचली, गार्ड सुखरूप पोचला.

पेन्शनीवर घरी आल्यापासून मी दर वर्षी ज्येष्ठातल्या त्या एकादशीला त्या मळ्यात जातो. आता तिथी चुकत नाही, पंचांग भिंतीलाच लावलं आहे. म्हातारा थकला आहे, डोळ्यांनी नीट दिसत नाही. पावलांचा आवाज आला की विचारतो, "किती जन हाय?"

"मी एकटाच, बाबा."

तरी तो दोन तांबे भरतो. पहिल्या वर्षी मी विचारलं, "तुमचा नेम?"

"त्या दिवशी मोडला तो मोडलाच," तो म्हणाला. "आता दिवसभर ठेवतो. पन एक घोट घेतो. तो त्या बापूचा हाय."

माझ्या हातात तांब्या असतो, पण मी थांबतो. आधी तो पितो, मग मी. उस्तादांची ऑर्डर तशीच होती.