लाइटचा काय प्रॉब्लेम न्हाय

“लाइटचा काय प्रॉब्लेम न्हाय बगा मॅडम,” परशराम पाटील म्हणाले, आणि लाइट गेली.

पिरनवाडीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमधलं सीएनसी मशीन गप्पकन थांबलं. अर्धवट कापलेला लोखंडी व्हॉल्व्ह आत तसाच अडकला. माझ्या टॅबवर प्रश्न उघडा होता: विजेची अडचण किती? मोठी, थोडी, मुळीच नाही.

“मुळीच न्हाय लिवा,” परशराम म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. “मारुतीअण्णा, गेली बगा परत.”

थोड्या वेळात लाइनमन मारुतीअण्णा मोटारसायकलवरून आले, कोपऱ्यावरच्या खांबावर चढले, फ्यूज बांधून उतरले. मशीन सुरू झालं.

“बगितलासा? फोन केला की येतोय मानूस. प्रॉब्लेम कसला?”

मी बेंगळूरच्या एका संशोधन संस्थेत काम करते. आमच्या विषयाला ‘इन्व्हेस्टमेंट क्लायमेट’ म्हणतात. नाव भारदस्त, अर्थ सोपा. ज्याच्याकडं ऑर्डरी आहेत तो माणूस नवीन मशीन घेतो का, आणि घेत नसेल तर त्याचं घोडं कुठं अडतं, एवढंच आम्ही शोधतो. माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. मालकानं धंदा वाढवला तर काम, नाहीतर घरी बसा. त्यामुळं हा विषय मला पुस्तक उघडायच्या आधीपासून ठाऊक होता.

या वेळी आमच्या रिपोर्टवरून एक गोष्ट ठरणार होती. कारखान्यांसाठी वेगळी वीजवाहिनी, म्हणजे इंडस्ट्रियल फीडर, कुठल्या वस्तीला आधी द्यायची? पिरनवाडीत घरं आणि वर्कशॉप एकाच लाइनवर होती. संध्याकाळी घरोघरी मिक्सर आणि गिझर लागले की मशीनं माना टाकायची. तरीही झाडून सगळ्या मालकांनी उत्तर दिलं होतं, मुळीच नाही.

डायरेक्टरसाहेबांचा फोन आला. “पिरनवाडी यादीतून काढू या. तिथं पॉवर एक्सलंट आहे.”

“सर, मी तिथं बसले असतानाच लाइट गेली.”

“तो तुझा अनुभव. डेटा काय म्हणतो?”

“डेटा खोटं बोलतोय, सर.”

“मग त्याला खरं बोलायला लाव. शुक्रवारपर्यंत थांबतो.”

दुसरा कुणी असता तर यादीवर काट मारून मोकळा झाला असता. साहेब थांबले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी परत परशरामांकडं गेले. या वेळी टॅब पिशवीतून काढलाच नाही. चहा घेता घेता विचारलं, “ऑर्डरी आहेत म्हणता, मग दुसरं मशीन का घेत नाही?”

“घ्यायचं हाय वो. पन मारुतीअण्णा एकटा किती ठिकानी पळणार?”

म्हणाले आणि जीभ चावली. मग मात्र सगळं बाहेर आलं. अण्णांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. “आमी प्रॉब्लेम हाय म्हणून लिवलं की वरचे साहेब पयल्यांदा इचारणार, लाइनमन कोन? चौकशी लागली की पेन्शन अडकलं. भर पावसात खांबावर चढून त्यानं आमची मशीनं चालवली. त्याच्या पोटावर आमी पाय द्यायचा व्हय?”

मला रागच यायला हवा होता. पण आला नाही. पंचक्रोशीत हे एक नवल म्हणायचं. माणसं स्वतःचं नुकसान करून घेण्यासाठी एकजुटीनं खोटं बोलत होती!

“अण्णांशी मी बोलू का?”

“बोला. पन मी सांगितलो म्हणून सांगू नका.”

अण्णा वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसच्या पायरीवर डबा उघडून बसले होते. मी सांगितलं तसे आधी हसले. “माझ्यापायी गप बसल्यात व्हय ही खुळी?” मग हातातली भाकरी खाली ठेवली. “मॅडम, मी गेल्यावर या खांबावर दुसऱ्या कुनाचा तरी पोरगा चढणार. त्यो बी असाच हातानं फ्यूज बांधत राहिला, तर कवा तरी तारेला चिकटंल. लिवा तुमी.”

“तुमच्यावर बालंट आलं तर?”

“माझं मी बगतो. पन लिवा.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर शेडा-शेडांतून फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य, “खरं सांगा रं.” मीही प्रश्न बदलला होता. ‘अडचण किती’ विचारलं की माणसाला कुणाची तरी चुगली केल्यासारखं वाटतं. म्हणून विचारलं, गेल्या आठवड्यात मशीन किती वेळा थांबलं? मशीनची चुगली करायला कुणाला संकोच नव्हता. सगळे भडाभडा बोलले.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की दोष लाइनवरच्या लोडचा आहे, आणि ती चालते आहे ती देखभालीमुळंच. ते वाक्य कुणाला वाकवता येऊ नये म्हणून डायरेक्टरसाहेबांनी स्वतः बसून ते पुन्हा घासूनपुसून नीट केलं.

कागद हलायला वेळ लागला, पण फीडर आला. चौकशी कुणाचीच झाली नाही. परशरामांनी दुसरं मशीन घेतलं.

रिपोर्टच्या आभाराच्या पानावर मोठमोठ्या साहेबांची नावं छापली. माहिती देणाऱ्यांची नावं छापायची नाहीत असा आमचा नियम आहे, म्हणून अण्णांचं नाव कुठंच नाही. मी कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. रिटायर व्हायला त्यांचे थोडेच दिवस उरले होते. म्हटलं, “अण्णा, तुमच्यामुळं झालं.”

“आभार कसले वो? काल कुनाचा फोनच न्हाय, ताटावरनं एकदा बी न उठता जेवलो. बायको म्हणाली, आज तब्येत बरी न्हाय काय?”

तेव्हापासून नवीन पोरांना फील्डवर पाठवताना मी एवढंच सांगते. एखाद्या गावात सगळं सुरळीत आहे असं सगळेच सांगू लागले, तर ते कुणाच्या जिवावर सुरळीत आहे, हे आधी विचारून या.