वाकड्या काठाचे पंचे

घरातलं माणूस गेलं की लोक बसायला येतात. आमच्या वडगावच्या घरी जो येतो, तो माझ्या भावाच्या, अण्णाच्या, हायस्कूलचा एक किस्सा ठेवून जातो. मला ऐकवत नाहीत, पण डोक्यात साठत जातात. म्हणून आज काढून टाकतो.

*

मॅट्रिकचा निकाल लागला आणि अण्णा पास झाला. आमच्या विणकरांच्या गल्लीतला पहिलाच. पेढे राहिले बाजूला, हा म्हणाला, "शाळेतल्या पाच जणांना मी स्वतः विणून पंचा देणार." पाचांत हेडमास्तर होते आणि घंटा वाजवणारा शिपाई मारुतीही होता.

आमचे वडील आप्पा म्हणाले, "हेडमास्तरांच्या पंच्याला तेवढा रेशमी काठ घाल की रं."

"सगळे एकाच ताण्यातले, आप्पा. मारुतीनं घंटा दिली न्हाय तर हेडमास्तर शाळा कशी भरवतील?"

असल्या माणसाशी काय बोलायचं?

*

मुळात त्याला विणायला येत नव्हतं. मी तिसरीतून शाळा सोडून मागावर बसलो, माझा काठ दोरी लावल्यासारखा सरळ. अण्णा मागाला पुस्तक बांधून बसायचा, हे शाळेतही सगळ्यांना ठाऊक. परीक्षा संपली तरी सोडलं नाही. इतिहास असला तर कापड बरं निघायचं. भूमिती आली की डोळे मिटून पुटपुटायचा, धोट्याचा आडवा दोरा जास्त ओढला जायचा आणि काठ आत घुसायचा.

"अण्णा, हे कापड हाय का जांबोटीचा वळणावळणाचा रस्ता?"

"पोचतोय न्हवं?"

*

तीन पंचे झाले आणि त्याला ताप आला. नवव्या दिवशी गेला.

उरलेला ताणा, उभं सूत, मागावर तसाच. शेजारचे म्हणाले, "कापून टाक, गेलेल्याचं सूत घरात ठिवू नये." मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. तेरावं झाल्यावर मागावर बसलो, राहिलेले दोन विणले आणि पाचही घेऊन शाळेत गेलो.

*

मारुतीनं पाचही उलगडून बघितले. "ह्यातलं त्याचं कुठलं?"

"वाकडे तीन."

"मग वाकडंच दे. सरळ बाजारात मिळतंय."

आणि सांगत बसला. अण्णा लांबून पळत येताना दिसला की हा घंटा थांबवायचा. हेडमास्तर ओरडले की म्हणायचा, "साहेब, लोखंड गार हाय, वाजंना." ऐन मार्चात!

*

हेडमास्तर म्हणाले, "शाळेचा नियम आहे. विद्यार्थ्याकडून भेट घेता येत नाही."

माझं डोकं फिरलं. "तो आता विद्यार्थी न्हाय सर. आता तो कायच न्हाय."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग पंचा घेतला. एवढा नियमाचा माणूस, पण त्यानंही वाकडाच उचलला.

*

कानडीचे मास्तर तरी सरळ घेतील असं वाटलं. मी तो पुढंही केला. त्यांनी "इरली बिडप्पा," म्हणजे असू दे रे, म्हणत तिसरा वाकडा ओढून घेतला. चांगल्या कामाची किंमतच नाही या शाळेत.

*

ड्रिलमास्तर लष्कराच्या कॅम्पातले निवृत्त सुभेदार. त्यांनी सरळ पंचा घेतला, तिथंच मान पुसली आणि म्हणाले, "माल पक्का हाय." दिवसभरात एवढा एकच शहाणा माणूस भेटला.

*

राहिले गणिताचे मास्तर. अण्णाला सगळ्यात जास्त वेळा बाकावर उभं यांनीच केलेलं. त्यांनी पंचा टेबलावर पसरला आणि काठाला चक्क फूटपट्टी लावली.

"हा त्याचा नाही."

"न्हाय. मी विणलाय."

"मग तूच वापर."

मी नमस्कार न करता निघून आलो. वाटभर त्यांना शिव्या घातल्या, मग अण्णाला घातल्या.

मागावर ताण्याचं शेवटचं टोक शिल्लक होतं. जेमतेम एका पंच्यापुरतं. बसलो, पण हात सरळच जायचा. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा डोळे मिटले, तेव्हा कुठं काठ आत गेला.

आठवड्यानं तो घेऊन गेलो. मास्तरांनी परत फूटपट्टी लावली. वाकडं होतं तिथं अंगठा ठेवून विचारलं, "हे विणताना तो काय वाचत होता?"

मला पुस्तकातलं काय कळतंय? म्हणालो, "भूमिती."

"मग बरोबर," मास्तर म्हणाले आणि पंचा खांद्यावर टाकून वर्गात गेले.