कुलरखालच्या तीन जाती

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी कुलरखाली पालथा पडू लागलो. सिंदी रेल्वे या गावातल्या आमच्या घराच्या मागे कुलर विटांवर ठेवलेला असतो. त्याचं पाणी ठिबकून विटांवर शेवाळ धरतं. मुलीनं मोबाइलला लावायचं भिंग दिलं होतं. ते घेऊन मी शेवाळात डोकावलो, तर मोहरीहूनही लहान, गोलमटोल, डोळे वटारलेले जीव हिंडत होते. भिंग जरा जवळ नेलं की पोटाखाली दुमडलेली शेपटीसारखी काडी आपटून टुणकन गायब! त्यांना स्प्रिंगटेल म्हणतात, हे मोबाइलवरच कळलं.

आठवडाभरात मी तीन जाती शोधल्या. एक फिकट पिवळी, साधी. दुसरी पाठीवर तपकिरी ठिपके असलेली. तिसरीच्या पाठीवर काळपट पट्टे, अगदी नक्षीकाम केल्यासारखे. मी वहीत चित्रं काढली, रंगवली. घरी येईल त्याला चहाआधी वही दाखवू लागलो. जावई दोनदा चहा न घेताच गेले.

"विटा धुवू द्या जी, बुळबुळीत झाल्या," बायको म्हणायची.

"खबरदार! तिथं तीन जाती नांदतात."

शेवटी मी फोटो कीटकांच्या एका ग्रुपवर टाकले. तिथल्या जाणकार बाईंनी संध्याकाळीच उत्तर दिलं. फोटो छान आहेत, पण जात बहुधा एकच. फिकट ती पिल्लं, ठिपक्यांची जरा मोठी, पट्ट्यांची पूर्ण वाढलेली. वाढताना रंग गडद होत जातो.

मी रात्री नीट जेवलो नाही.

"काऊन तोंड पाडून बसले?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं. ती पोट धरून हसली. "अवो, तुमचा लग्नातला फोटो अन् आताचा फोटो टाका त्या ग्रुपवर. तुमच्याही दोन जाती निघतीन!"

दुसऱ्या दिवशी मात्र, मला बरं वाटावं म्हणून असेल, ती स्वतः पदर खोचून विटांपाशी आडवी झाली. पाच मिनिटं भिंग फिरवत राहिली. मग माझा दंड धरून ओढलं.

"हा पाहा. चांगला मोठा आहे, पण पट्टे नाईत. मधात एकच डाग. हे लेकरू नोहे."

खरंच होतं. शेजारी तेवढाच मोठा पट्टेवाला बसला होता, म्हणून फरक उघड दिसत होता. फोटो पाठवला. बाईंनी लिहिलं, एकाच जातीत नक्षी अशी बदलते, दोघं एकत्र टिपलेत हे फार चांगलं झालं. नजर कुणाची, असंही विचारलं. मला खरं लिहावं लागलं.

तेव्हापासून भिंग तिच्याकडे असतं. एकदा शेजारच्या काकू विरजण मागायला मागच्या दारानं आल्या, तर आम्ही दोघंही जमिनीवर पालथे.

"काई हरवलं का जी?" त्या घाबरून म्हणाल्या.

बायकोनं मान वर केली नाही. "नाई, सापडलं. चप्पल काढा अन् हळू या."

काकूंनी वाटी ओट्यावर ठेवली आणि गुडघे धरत खाली बसल्या.